शांघायचं कॅथेड्रल: दार उघडं ठेवलं ते चुकलं का?

खाडीकाठचा

कामानिमित्त दीड वर्ष शांघायला होतो. शूज्याह्वेई मेट्रो स्टेशनातून वर आलं की चहूबाजूंनी मॉल, आणि त्यांच्या गर्दीत लाल विटांचं, जुळ्या मनोऱ्यांचं सेंट इग्नेशियस कॅथेड्रल. जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिकांच्या एका धर्मसंघाने, १९०६ ते १९१० मध्ये बांधलेलं. सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्डांनी, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांनी, मनोरे पाडले, रंगीत काचा फोडल्या आणि आत चक्क धान्याचं कोठार झालं. १९७९ मध्ये दार पुन्हा उघडलं, पण किल्ली सरकारच्या हातात. म्हणजे १९५७ च्या देशभक्त कॅथलिक संघटनेच्या, आणि तिच्यामागे कम्युनिस्ट पक्षाच्या.

एका रविवारी मागच्या बाकावर बसलो होतो. पुढे एक आजी जपमाळ ओढत होत्या. काळे मणी, अंगठ्याखाली गुळगुळीत झालेले. फादरांचं प्रवचन चालू झालं तरी ओठ हलतच होते. कोठाराच्या काळात ही बाई काय करत असेल, हे डोक्यातून गेलं नाही.

म्हणून माझं मत: शांघायचे बिशप जिन लूशियान यांनी सरकारशी जमवून घेतलं ते योग्यच केलं. १९५५ ते १९८२ तुरुंग आणि सक्तीची मजुरी भोगलेला हा माणूस. बाहेर आल्यावर शांघायजवळ शेशानला सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, उभी केली, मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) पोपसाठी प्रार्थना म्हणायची परवानगी मिळवली. सरकारपासून लपून, अज्ञातवासात राहून हे झालं नसतं.

निर्मळकर

दादा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. शांघायचे खरे बिशप होते कुंग पिन-मेई. ८ सप्टेंबर १९५५ च्या रात्री त्यांना पकडलं. कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानात हजारोंसमोर उभं करून गुन्हा कबूल करा म्हणाले, तर हा माणूस ख्रिस्तराजाचा आणि पोपचा जयजयकार करून मोकळा झाला! १९६० मध्ये जन्मठेप. तीस वर्षं आत. आणि जानेवारी १९८५ मध्ये, ते अजून गजाआड असताना, रोमला न विचारता जिन यांना त्याच धर्मप्रांताचे साहाय्यक बिशप केलं गेलं. घरधनी कोठडीत असताना त्याच्या माजघरात पथारी पसरणं, याला आमच्या वसईत वेगळा शब्द आहे. इथे लिहीत नाही.

लालपेन

दोघंही एक विसरताय. चीनला चर्चचा संशय उगाच नाही. अफूच्या युद्धानंतर फ्रान्सने १८४४ मध्ये तह लादला, त्या तोफांच्या सावलीत जेझुइट शूज्याह्वेईत स्थिरावले. ज्याचं मुख्यालय परदेशात आणि ज्याचे अधिकारी परदेशातून नेमले जातात अशी संस्था कुठलं क्रांतिकारी सरकार चालवून घेईल?

खाडीकाठचा

लालपेन, तोफा नंतर आल्या. 'शूज्याह्वेई'तला 'शू' म्हणजे शू ग्वांगछी, मिंग दरबारातला मोठा अधिकारी. मातेओ रिची या पाद्र्याबरोबर त्याने १६०७ मध्ये युक्लिडची भूमिती चिनीत आणली, स्वतः ख्रिस्ती झाला. कॅथेड्रल उभं आहे ते त्याच्या घराण्याच्या गावात. आणि हा रिची चीनला जाण्याआधी गोव्यात शिकत होता बरं का.

पणजीचो

गोव्याचं नाव निघालंच आहे तर सांगतो. बिशप सरकारने नेमायचे ही कम्युनिस्टांची शोधकल्पना नव्हे. पाद्रोआदो या जुन्या व्यवस्थेखाली पोर्तुगालचा राजा नावं सुचवायचा, रोम शिक्का मारायचं. चीनमधला मकावचा धर्मप्रांत १५७६ मध्ये स्थापन झाला तो गोव्याच्या हाताखाली. मुंबईत तर १९२८ च्या करारानंतर आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश. वॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय, तेही १९५० मध्ये. तेव्हा कुणी चर्च मेलं म्हटलं नाही.

निर्मळकर

मुद्दा चांगला आहे, पण पोर्तुगालचा राजा निदान गुडघे टेकायचा हो. इथे नेमणारा पक्ष देवच मानत नाही, सभासदांना धर्म पाळायलाही मनाई. २०१८ पासून धर्माचा कारभार थेट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागाकडे. त्याच वर्षी व्हॅटिकनने बिशपांच्या नेमणुकीबद्दल चीनशी करार केला, त्याचा मजकूर आजवर उघड नाही.

आणि याच कॅथेड्रलमध्ये ७ जुलै २०१२ ला काय झालं? मा दाचिन यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. त्यांनी तिथेच भर समारंभात सांगितलं की आता देशभक्त संघटनेत राहणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर ते थेट शेशानच्या सेमिनरीत बंदिस्त. जिन यांनी उभारलेल्या त्याच सेमिनरीत, खाडीकाठचे! उघड्या दाराचं कौतुक सांगताना हे दारही सांगा.

चहाटळ

करार करूनही २०२३ मध्ये बिशप शेन बिन यांना सरकारने परस्पर शांघायला बदलून आणलं आणि पोपनी तीन महिन्यांनी मान्यता दिली. याला करार म्हणतात की पोहोचपावती?

खाडीकाठचा

चहाटळ, पोहोचपावती हा शब्द झोंबला, आणि बरोबरही आहे. निर्मळकर, मा दाचिनचं मी मुद्दाम टाळलं होतं, कबूल. त्यांच्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. पण जिन यांना फितूर ठरवायला मी अजूनही तयार नाही. त्यांनाही स्वतःची गोची ठाऊक होती: सरकारला वाटतं मी रोमचा, रोमला वाटतं मी सरकारचा, असं ते उघड सांगत. पुढे रोमने त्यांना मान्यता दिलीच.

कुंग यांच्यासारखे सगळेच तुरुंगात गेले असते तर त्या आजींना मिस्सा कोण देणार होतं?

निर्मळकर

जे लपूनछपून देत होते ते. घराघरांत, दारं लावून. आमच्याकडे अजूनही समज असा की चर्च म्हणजे इमारत. त्या आजींनी इतकी वर्षं कोठार बघितलं, तरी जपमाळ तुम्हाला गुळगुळीतच दिसली ना? ती त्या काळातही फिरत असणार, आणि जिन तेव्हा तिथे नव्हते.

खाडीकाठचा

नव्हते, कारण तेही आतच होते. कुंग यांच्याबरोबर त्याच रात्री पकडलेले.