धुरामुळे रक्तातील साखर खरोखर वाढते का?

सिडकोकर:
नमस्कार. माझे वय ४६ आहे. नोकरीसाठी रोज दुचाकीवरून मुंबई नाका आणि द्वारकामार्गे नाशिकरोडला जातो. नुकतेच एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.१ टक्के आले. घरात कोणालाही मधुमेह नाही आणि वजनही बेताचेच आहे. धुरामुळे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढून मधुमेह होतो असे वाचले. यात तथ्य किती? ओळखीचे मेडिकलवाले व्हिटॅमिन ई सुचवतात, ते घ्यावे का?

गोदाकाठ:
६.१ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था, ५.७ ते ६.४ हा तिचा पट्टा आहे. धुरातील पीएम २.५ हे अतिसूक्ष्म कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी त्यांच्याशी झुंजताना ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात, आणि ते निकामी करण्याची शरीराची क्षमता कमी पडली की त्या अवस्थेस ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. त्यातून उद्भवणारा दाह फुप्फुसापुरता न राहता रक्तावाटे यकृत, स्नायू व मेदापर्यंत जातो. तेथे इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत नीट पोहोचत नाही आणि साखर रक्तातच राहते. स्वादुपिंडातील बीटा पेशींजवळ तर या रेणूंपासून बचाव करणारी विकरे मुळातच कमी असतात, त्यामुळे इन्सुलिन जिथे तयार होते ती जागाच नाजूक ठरते.

शंकेखोर:
पण हे प्रयोगशाळेतले झाले. माणसांत काय दिसते?

गोदाकाठ:
दिल्ली व चेन्नईतील प्रौढांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने जास्त असेल तेथे टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी अधिक आढळला. हा सहसंबंध आहे, त्यामुळे तुमची साखर द्वारकेच्या धुरानेच वाढली असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम असताना आपल्याकडील मानकच ४० आहे, आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील, हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकही आहे, हे ध्यानात असू द्यावे.

व्हिटॅमिन ई मात्र घेऊ नका. मोठ्या चाचण्यांत त्याने मधुमेह टळलेला नाही. मेडिकलवाल्यांचा गल्ला तेवढा भरेल.

पंचवटीकर:
चालणे सोडू नका, फक्त ते हमरस्त्याच्या कडेने नको. गोल्फ क्लबचा ट्रॅक बरा. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो, तेव्हा ऊन वर आल्यावर निघावे. दुचाकीवर रुमालाऐवजी घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा, आणि एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवावे.