केरे यांची गांदोची शाळा : खरी करामत छपरात

वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या गांदो या खेड्यात उभारलेल्या शाळेच्या मातीच्या भिंती पावसात टिकायच्या नाहीत, असं कुणी म्हणतं; ते पटलं नाही. ती नुसती माती नव्हे. सिमेंट मिसळून दाबून काढलेल्या विटा आहेत, शिवाय पत्रा भिंतीच्या चांगला पुढे काढलाय. खरी करामत छपरात. नुसता पत्रा टाकला असता तर वर्गाची भट्टी झाली असती. म्हणून आडव्या काँक्रीटच्या तुळया, त्यांवर सळया, सळयांवर मातीच्याच विटांचं छत. पत्रा त्याहून बराच वर, मधून वारा खेळतो.

आणि पत्रा तोलणाऱ्या कैच्या, म्हणजे छपराचे सांगाडे? बुर्किना फासोतल्या त्या खेड्यात क्रेन परवडणारी नव्हती. मग स्लॅबात घालतो तसल्याच सळया हातकरवतीने कापून छोट्या वेल्डिंग मशीनने जोडल्या, गावकऱ्यांनाच शिकवून. ही २००१ची शाळा; वास्तुकलेतलं मानाचं प्रित्झकर पारितोषिक केरे यांना मिळालं थेट २०२२मध्ये.