न्यू जर्सी : हिवाळ्यात हिरवळीची काळजी कशी घ्यावी? (सल्ला हवा आहे)

नवे_अंगण
आम्ही जूनमध्ये एडिसनजवळ घर घेतले. पुढे-मागे मिळून सुमारे चार हजार चौरस फूट हिरवळ असून तिच्यात टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास यांचे मिश्रण आहे, असे आधीच्या मालकांनी सांगितले होते. आता डिसेंबरचा पहिला आठवडा चालू आहे. मागच्या अंगणात मेपलखाली परातीएवढे तीन टकले डाग पडले आहेत आणि गॅरेजमध्ये खताची अर्धी गोणी शिल्लक आहे. बर्फ पडण्याआधी ती टाकून मोकळे व्हा, असे शेजारचे गृहस्थ सांगतात. टाकावी का? एप्रिलमध्ये हिरवळ चांगली दिसावी, यासाठी आता आणखी काय करावे?

जुना_माळी
गोणी तशीच राहू द्या. न्यू जर्सीच्या २०११ च्या कायद्यानुसार घरमालकांना १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात नत्र किंवा स्फुरद असलेले खत हिरवळीवर टाकता येत नाही. त्यामागचे कारणही पटण्यासारखे आहे : जमीन गोठली की मुळे खत उचलत नाहीत आणि ते बर्फाच्या पाण्याबरोबर थेट ओढ्यात जाते.

आत्ताचे खरे काम पालापाचोळ्याचे आहे. मेपलची ओली पाने एकमेकांना चिकटून चटईसारखी बसतात, खालच्या गवताला उजेड आणि हवा मिळत नाही, आणि वर बर्फ साचला की तिथेच राखाडी किंवा गुलाबी बुरशी धरते. पाने थोडी असतील तर त्यांवरून कापणीयंत्र फिरवून त्यांचा चुरा करावा, तो गवतातच जिरतो. थर जाड असेल तर दंताळ्याने ओढून काढावा. गवत अजून वाढत असेल तर शेवटची कापणी अडीच इंचांवर करावी. मी पहिल्या वर्षी चार इंच गवत तसेच सोडले होते; मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर ते आडवे पडलेले आणि कोळिष्टकासारख्या बुरशीने झाकलेले मिळाले. हलक्या हाताने विंचरून वाळू दिल्यावर बहुतेक गवत बुडातून पुन्हा फुटले, औषध फवारावे लागले नाही.

पहाटे गवतावरचे दंव गोठलेले असताना त्यावरून चालू नये. पात्यांतल्या पेशी मोडतात आणि पावलांचे ठसे पुढे कित्येक दिवस तपकिरी दिसत राहतात.

गारठा
ड्राइव्हवेवरचा बर्फ वितळवायला साधे मीठ टाकत असाल तर कडेची दीड-दोन फुटांची पट्टी जळते. वाळूने निसरडेपणा कमी होतो, आणि मिठाऐवजी वापरायचे कॅल्शियम मॅग्नेशियम अ‍ॅसिटेट महाग असले तरी गवताला सोसते. फावड्याने काढलेला मिठाचा बर्फ हिरवळीवर रचू नये, हे मात्र घरातल्या सर्वांनाच सांगून ठेवावे लागते.

नाशिककर
आमच्याकडे थंडीत हरळी पिवळी पडते. तेव्हा आम्ही पाणी कमी करतो आणि फेब्रुवारीअखेर चाळलेले शेणखत पसरतो. तिकडेही ते चालावे.

जुना_माळी
नाशिककर, आपली पद्धत हरळीसाठी योग्यच आहे, कारण हरळी उन्हाळी गवत आहे आणि ऊन तापू लागले की तिला जोर येतो. फेस्क्यू आणि ब्लूग्रास ही थंड हवेची गवते आहेत. ती शरद ऋतूत आणि वसंतात वाढतात, जुलैत दमतात. त्यांना वसंताच्या आरंभी भरपूर नत्र दिले तर पाती भराभर वाढतात, मुळे मागे राहतात आणि पहिल्याच उन्हाच्या तडाख्यात गवत माना टाकते. म्हणून इथे मुख्य खत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देतात.

नवे_अंगण
सर्वांचे आभार. डागांवर आत्ताच बी टाकता येईल का?

जुना_माळी
येईल. जमीन पुरेशी थंड असली की बी रुजत नाही, नुसते पडून राहते. माती गोठते आणि सुटते तेव्हा पडणाऱ्या भेगांत ते आपोआप खाली जाते आणि वसंतात उगवते. आधी माती खरवडून घ्या, बी बर्फावर फेकू नका. काही बी वाया जाणार हे गृहीत धरा. मेपलच्या सावलीत ब्लूग्रास टिकणार नाही, तिथे फाइन फेस्क्यू घ्या.

अडचण पुढे आहे. क्रॅबग्रास हे तण रोखणारी बहुतेक औषधे, जी इथे साधारण एप्रिलच्या पूर्वार्धात म्हणजे फोर्सिथिया पिवळी फुललेली असताना टाकतात, ती तणाच्या बियांबरोबर तुमच्या गवताचे बीही उगवू देत नाहीत. त्यामुळे पेरलेले डाग औषधातून वगळावेत; मेसोट्रायोनयुक्त औषध काही गवतांच्या नव्या पेरणीवर चालते, पण फाइन फेस्क्यूच्या नव्या पेरणीवर नाही. मी तुमच्या जागी असतो तर यंदा डागांवर पेरणी करून तिथले तण हाताने उपटले असते, आणि मोठी पेरणी ऑगस्टअखेरीसाठी राखून ठेवली असती.

आणि हो, त्या अर्ध्या गोणीचे तोंड घट्ट बांधून ती फळीवर ठेवा. गॅरेजच्या जमिनीवर ओल लागली की खताचे ढेकूळ होते.