दृष्टिभ्रमांवर अ‍ॅनिमेशन फिल्म करतेय, लोकांना प्रश्न पडावा म्हणून काय करू?

रेघोट्या:
नमस्कार मंडळी, गेले चार महिने एका छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्मवर काम करतेय, पाचेक मिनिटांची, संवाद अजिबात नाहीत. आपल्याला जे दिसतं ते खरंच तसंच असतं का, एवढाच विषय. त्यासाठी नऊ दृष्टिभ्रम जमवले, एकामागोमाग एक लावले आणि ओळखीच्या आठ-दहा जणांना दाखवले. सगळे "भारी आहे" म्हणाले आणि लगेच दुसऱ्या गप्पा सुरू. मला खूप लागलं ते, कारण मला भारी म्हणून घ्यायचं नव्हतं, घरी जाताना त्यांच्या डोक्यात काहीतरी घोळत राहावं असं वाटत होतं. तर कोणते भ्रम ठेवू, कोणते काढू, आवाज वापरू का ते सांगा प्लीज. सुरुवातीला एक पाटी आहे, "दृष्टिसातत्यामुळे चित्रं हलताना दिसतात". ती पण बरोबर आहे ना?

भिंगरी१२:
ती पाटी काढाच. आपण सगळे शाळेत तेच शिकलो, पण मागची प्रतिमा डोळ्यात रेंगाळते एवढ्यानं हालचाल दिसत नाही, नुसतं तेवढंच असतं तर चित्रं एकमेकांवर सांडून चिखल झाला असता. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये हे मांडलं, दोन ठिकाणी आळीपाळीनं रेघ दाखवली, मधलं वेळेचं अंतर नेमकं ठेवलं, की एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. सरकलेलं काहीच नसतं, ते सरकणं मेंदू तयार करतो. तुमच्या विषयाला याहून चांगली सुरुवात कुठली? पाटी लिहू नका, दोन ठिपके दाखवा, आधी सावकाश आणि मग वेग वाढवत न्या, कुठल्या क्षणी दोनाचा एक होतो ते ज्याचं त्याला कळेल.

अर्धवर्तुळ:
नऊ फार होतात, तीन ठेवा. जादूचे प्रयोग एकामागून एक बघितले की माणूस पुढच्याची वाट बघतो, आधीच्याचा विचार करत नाही.

माझं ठाम मत सांगतो, भ्रमाची ताकद फसण्यात नाहीये, उत्तर माहीत असूनही फसत राहण्यात आहे. म्हणून उत्तर आधी द्या. उदाहरण देतो, स्टुअर्ट अ‍ॅन्स्टिसचा पावलांचा भ्रम, २००३ चा. एक पिवळा ठोकळा आणि एक गडद निळा ठोकळा, दोन्ही एकाच वेगानं एकाच दिशेनं जातायत. मागे काहीच नसताना ते सरळ जोडीनं जातात. आता ते चालू असतानाच मागे काळे-पांढरे उभे पट्टे हळूहळू गडद करत आणा, आणि ठोकळे चक्क पाऊल टाकल्यासारखे आळीपाळीनं पुढे जायला लागतात. पिवळा पांढऱ्यावर आला की कडांचा फरक इतका कमी होतो की तो मंदावल्यासारखा वाटतो, निळ्याचं तसंच काळ्यावर. मग पट्टे पुसून टाका, परत जोडीनं. परत आणा, परत पावलं. हे तीनदा करा आणि घाई करू नका. बघणाऱ्याला माहितीये की ठोकळ्यांना कुणी हात लावलेला नाही, तरी त्याचे डोळे ऐकत नाहीत, आणि तिथेच तो गप्प होतो, मी हे वर्गात दाखवलंय म्हणून सांगतो. एक बारकी गोष्ट, ठोकळ्याची लांबी एक काळा अधिक एक पांढरा पट्टा एवढी ठेवा म्हणजे पुढची आणि मागची कड एकाच वेळी एकाच रंगावर असते, नाहीतर पावलांऐवजी ठोकळा लांब-आखूड होताना दिसेल. आणि एक चित्र दोन फ्रेम ठेवायची सवय असेल तर इथे नको, प्रत्येक फ्रेम वेगळी हवी.

सावलीतला:
अर्धवर्तुळ यांना +१. फक्त 'फसणं' या शब्दाशी माझं जमत नाही. एडवर्ड एडल्सनचा १९९५ चा सावलीतला बुद्धिबळाचा पट घ्या, दोन चौकोन तंतोतंत एकाच राखाडी रंगाचे असून एक काळा एक पांढरा दिसतो. का, तर मेंदू सावली वजा करतो, आणि ते तो वजा करत नसता तर सावलीत गेलेली प्रत्येक ओळखीची वस्तू आपल्याला नवीन वाटली असती. ही चूक नाहीये हो, हे त्याचं रोजचं काम आहे आणि ते तो छान करतो. फिल्मचा सूर "बघा कसे फसलात" असा झाला तर लोक हसतील आणि विसरतील, "बघा तुम्ही न कळत काय काय करताय" असा असेल तर थांबतील असं मला मनापासून वाटतं. फिरणाऱ्या सापांचं ते जपानी चित्र, किताओका यांचं, नऊत असेल तर ते मात्र काढा. चित्र स्थिर आहे यातच त्याची सगळी मजा, फिल्ममध्ये ठेवलंत तर लोकांना वाटणार तुम्हीच फिरवताय.

रेघोट्या:
साप होते!! काढले. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आवाजाचं कुणी सांगेल का?

भिंगरी१२:
आवाज हवाच. दोन गोल समोरासमोरून येतात, मध्ये एकावर एक येतात आणि पुढे निघून जातात. आवाज नसेल तर बहुतेकांना ते आरपार गेलेले दिसतात, भेटीच्या क्षणी नुसता 'टक्' वाजवा, लगेच आपटून मागे फिरलेले दिसतात. तोच शॉट दोनदा दाखवा, एकही फ्रेम न बदलता. १९९७ मध्ये यावर प्रयोग छापून आलाय.

आणि शेवटाला हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांची कल्पना घ्या. १९४४ मध्ये त्यांनी दोन त्रिकोण, एक गोल आणि दार असलेली एक चौकट एवढ्यावर छोटी फिल्म केली, बघणाऱ्यांनी जवळजवळ सगळ्यांनी भांडण, पाठलाग, घाबरणं असं सांगितलं. त्यांची नक्कल नको, तुमचेच पिवळा-निळा ठोकळे घ्या, पट्टे काढून टाका आणि एकाला जरा थांबवा, दुसऱ्याला मागे वळवा. एवढ्यानं लोकांना त्यांच्यात नातं दिसायला लागेल. रंग दिसणं, वेग दिसणं इथपासून मन दिसणं इथवर फिल्म जाईल.

सावलीतला:
एक काळजीचं सांगतो, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काही ठेवू नका, फिट येणारी माणसं प्रेक्षकांत असू शकतात. ठिपक्यांचा वेग वाढवाल तिथे विशेष बघा, ठिपके लहान ठेवा आणि पार्श्वभूमीशी उजेड-अंधाराचा फार फरक नको, पूर्ण पडदा उघडमीट नकोच.

रेघोट्या:
ठिपके छोटे आणि राखाडीवर करते. काल रात्री पट्ट्यांचा सीन करून बघितला, पट्टे तीनदा आणले-नेले. माझ्या आईला दाखवला, ती म्हणाली "पट्टे ठेव, पण मला आता ते जोडीनं जाताना बघायचंय" आणि डोळे बारीक करून करून परत परत लावायला लावला. उरलेले सहा भ्रम डिलीट केलेत. 'टक्'चा सीन रविवारी करते, आवाज लाकडाचा घेऊ का काचेचा?

अर्धवर्तुळ:
लाकडाचा, आखूड, मागे गुंजणारा नको. बरोबर गोल एकावर एक आलेत त्याच फ्रेमवर ठेवा.