प्रवासात विणण्यासाठी कोणत्या सुया घ्याव्यात?

अर्धी_शाल

नमस्कार. गेली तीन वर्षे मी विणकाम करते आहे आणि एवढ्या काळात ॲल्युमिनियमच्या, ३५ सेंटिमीटर लांबीच्या सरळ सुयांखेरीज दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही. घरी खुर्चीत बसून मफलर किंवा लहान मुलांचे स्वेटर विणताना त्यांच्याविषयी काही तक्रार नव्हती. आता मात्र रोज जाण्यायेण्यात मिळून दीड तास रेल्वेत जातो, आणि हा वेळ विणण्यात घालवावा असे ठरवल्यापासून अडचणी सुरू झाल्या आहेत. सुयांची मागची टोके शेजाऱ्याच्या कोपराला लागतात, त्या पिशवीत पूर्ण मावत नाहीत, आणि गेल्या आठवड्यात तर उतरण्याच्या घाईत एक सुई विणीतून सरकून बाहेर आली व साठेक टाके सुटले. ते पुन्हा सुईवर घेण्यातच पुढचे दोन दिवस गेले.

दुसरी अडचण हाताची आहे. सध्या ४ मिलिमीटरच्या सुयांवर २०० टाक्यांची शाल चालू आहे. ती हातभर लांब झाल्यापासून अर्ध्या तासातच मनगटे आणि उजव्या अंगठ्याचे मूळ दुखू लागते; विणणे थांबवले की तासाभरात दुखणे ओसरते.

ओळखीतल्या विणणाऱ्यांना विचारले तर तिघींनी तीन सल्ले दिले. एकीच्या मते बांबूच्या सुया घेतल्या की दुखणे जाईल, दुसरीच्या मते गोल सुईला पर्याय नाही, आणि तिसरी म्हणते की टोके बदलता येतील असा पूर्ण संचच एकदा घेऊन टाकावा. शालीनंतर टोपी आणि पायमोजे विणण्याचा विचार आहे. गोल सुईवर सपाट वीण घालता येते का, आणि चालू शाल मध्येच नव्या सुईवर घेतली तर बिघडेल का, हेही कृपया सांगावे.

उलट_सुलट

तुम्हाला मिळालेले तिन्ही सल्ले वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, म्हणून त्यांतून निवड करणे अवघड जाते आहे. सुईच्या आकारावर विणलेल्या कापडाचा भार कुठे पडतो हे अवलंबून असते, तर सुई कशाची आहे यावर टाका किती सहज घसरतो हे ठरते. बदलत्या टोकांचा संच ही या दोन्हींपेक्षा वेगळी, केवळ सोयीची बाब आहे.

सरळ सुईवर विणलेला भाग जसजसा वाढतो तसतसा त्याचा सगळा भार दोन दांड्यांवर लोंबकळत राहतो. ओळीच्या सुरुवातीला तो डाव्या सुईवर असतो, ओळ संपताना उजव्या सुईवर, आणि भरलेले पातेले लांब दांड्याने उचलून धरावे तसे तो दर ओळीला कधी या तर कधी त्या मनगटाला तोलून धरावा लागतो. शाल हातभर झाल्यावरच दुखणे सुरू झाले असे तुम्ही लिहिले आहे. त्यावरून निदान मनगटांच्या दुखण्याला तरी धातूपेक्षा हा भारच कारण असावा असे मला वाटते. गोल सुईत दोन आखूड टोके लवचीक केबलने जोडलेली असतात. विणलेले टाके केबलवर सरकतात, कापड मांडीवर विसावते आणि हातात दहा-बारा सेंटिमीटरची टोके तेवढी उरतात. कोपरे अंगाजवळ राहत असल्यामुळे शेजाऱ्याची तक्रारही आपोआप मिटते. विणणे थांबवताना सगळे टाके केबलच्या मध्यावर सरकवून दोन्ही टोके एकमेकांना रबराने बांधली, की पिशवी कितीही हिंदकळली तरी टाके सहसा सुटत नाहीत. शिवाय दुसरी सुई बाकाखाली घरंगळण्याचा प्रश्न उरत नाही, कारण दुसरी सुईच नसते.

सपाट वीण गोल सुईवर अगदी व्यवस्थित घालता येते. ओळ संपली की काम फिरवायचे, टोकांचे हात बदलायचे आणि पुढची ओळ सुरू करायची. नवख्या माणसाची एक चूक ठरलेली असते : काम न फिरवता तो पहिल्या टाक्यापासून पुढे विणू लागतो आणि दोन्ही कडा जोडल्या जाऊन नळकांडे तयार होते. सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक ओळीनंतर लोकरीचा धागा कोणत्या टोकाशी आहे ते पाहावे. तो ज्या टोकाशी असेल ते टोक डाव्या हातात यायला हवे.

लांबीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे पहिले पैसे तिथेच वाया गेले. गोल सुईवर छापलेली लांबी सामान्यतः एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची, म्हणजे केबल धरून असते. सपाट विणण्यासाठी ती गरजेपेक्षा जास्त असली तरी फरक पडत नाही, त्यामुळे शालीला ८० सेंटिमीटरची सुई घ्यावी. २०० टाके तीवर दाटी न होता बसतील. बंद गोलात विणताना मात्र कापडाचा घेर सुईपेक्षा लहान असून चालत नाही, कारण टाके ताणले जातात आणि दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतच नाहीत. टोपीचा घेर ५० सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे ६० ची सुई तिला निरुपयोगी ठरते आणि ४० ची लागते. मी ६० ची आणली होती. ४० च्या सुईची टोके आखूड असतात आणि मोठ्या हाताच्या माणसाला ती दोन-तीन बोटांत धरून विणावे लागते, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

बांबूविषयी मत देण्यापूर्वी एक गोष्ट जाणून घ्यायला आवडेल. तुमचे टाके सुईवर सहज सरकतात की प्रत्येक टाका बोटाने पुढे ढकलावा लागतो?

ओळ_संपली

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण सरळ सुयांना इतक्या लवकर निरोप देऊ नये असे मला वाटते. उजवी सुई काखेत दाबून धरून विणणाऱ्यांच्या बाबतीत भाराचा हिशेब बदलतो. तिथे सुईचे मागचे टोक शरीराला टेकलेले असते आणि उजव्या हाताला फक्त धागा फिरवायचा असतो. मी स्वतः अशीच विणते आणि गोल सुईवर माझा वेग निम्म्यावर येतो. अर्थात ही पद्धत गाडीतल्या गर्दीची नाही, हे मान्य आहे. प्रवासात अरुंद काम, म्हणजे मफलर किंवा हातमोज्याचा पट्टा, न्यायचे असेल तर २५ सेंटिमीटरच्या आखूड सरळ सुया पुरतात आणि त्या पिशवीत आडव्या मावतात. २०० टाक्यांच्या शालीला त्यांचा उपयोग नाही.

पायमोज्यांसाठी दुहेरी टोकांच्या चार किंवा पाच सुयांचा संच वापरतात. घरी विणण्यासाठी तो मला सर्वांत आवडतो, पण धावत्या गाडीत त्यातली एखादी सुई निसटून पडणारच असे समजून चालावे. पिशवीत ठेवताना सुयांची दोन्ही टोके रबरी टोपणांत किंवा बुचाच्या तुकड्यांत खोचावीत.

आणि एक सूचना. विणणे थांबवल्यावर दुखणे ओसरते तोवर सुया बदलून पाहणे ठीक आहे. बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा रात्रीही दुखू लागले तर डॉक्टरांना दाखवावे. कोणतीही सुई त्यावर औषध नाही.

गुंडा_आणि_गुंता

माझ्याकडे बदलत्या टोकांचा संच आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. टोके केबलला आटे फिरवून जोडायची असतात. जोडताना केबलच्या धातूच्या भागातील बारीक भोकात तारेची किल्ली अडकवून टोक घट्ट पिळावे लागते. नुसत्या बोटांनी पिळले तर विणता विणता आटे हळूहळू सैल होतात, मधल्या फटीत लोकर अडकते आणि एखाद्या वळणावर टोक निघून हातात येते. घरी हे घडले तर हसून सोडून देता येते. गाडीत उभ्याने विणत असताना माझे चाळीस टाके गेले, तेव्हा हसू आले नव्हते. त्या दिवसापासून किल्ली मी सुईच्या खोक्यात न ठेवता घरच्या चाव्यांच्या जुडग्यात अडकवते.

फायदाही सांगायला हवा. टोके काढून केबलच्या दोन्ही बाजूंना टोपणे लावली, की अर्धवट काम कितीही दिवस केबलवर राहू शकते आणि तीच टोके दुसऱ्या कामाला वापरता येतात. एकाच वेळी तीन कामे सुरू करण्याची सवय असलेल्यांना याचे मोल कळेल. परंतु तुमचे एक काम चालू आहे आणि पुढची दोन ठरलेली आहेत. अशा वेळी मोठा संच घेतला तर त्यातली निम्मी मापे पडून राहतात. शिवाय आटे बसवायला जागा लागते म्हणून अनेक संच ३ किंवा ३.५ मिलिमीटरपासून सुरू होतात, तर पायमोज्यांना साधारण २ ते २.७५ मिलिमीटरच्या सुया लागतात. म्हणजे संच घेऊनही पायमोज्यांची सुई वेगळी घ्यावीच लागेल. वेगवेगळ्या उत्पादकांचे आटेही एकमेकांना बसतीलच असे नाही.

सुई कोणतीही घ्या, मागवताना नंबरावर विसंबू नका, मिलिमीटर पाहा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की ती जाड होते. ८ नंबरची सुई ब्रिटिश मापाने ४ मिलिमीटरची, तर अमेरिकन मापाने ५ मिलिमीटरची असते. १० नंबरच्या बाबतीत हा फरक ३.२५ आणि ६ मिलिमीटर इतका मोठा होतो. छापलेले माप पुसले गेले असेल तर भोकांची मापपट्टी वापरावी. डोळ्यांना अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळत नाही, विणीला मात्र कळतो.

अर्धी_शाल

सर्वांचे मनापासून आभार. काल विणताना मुद्दाम हाताकडे लक्ष दिले. माझे टाके घट्ट आहेत. डाव्या सुईवरचा जवळजवळ प्रत्येक टाका मी अंगठ्याने पुढे ढकलते आणि डाव्या सुईचे टोक तर्जनीने मागे रेटते. हे आजवर माझ्या ध्यानातच आले नव्हते. मग बांबू घ्यावा की नको? आणि शालीचे काय करावे? एक शंका आणखी आहे. एका मैत्रिणीची गोल सुई हातात घेऊन पाहिली, तर तिची केबल स्प्रिंगसारखी वेटोळी होऊन सारखी टोकांना ओढत होती. सगळ्याच केबल अशा असतात का?

उलट_सुलट

अंगठ्याच्या दुखण्याचे कारण तुम्हीच शोधून काढलेत. घट्ट टाके घालणाऱ्याने बांबू घेऊ नये, निदान पहिल्यांदा तरी नको. बांबू हलका असतो, हाताला थंड लागत नाही आणि टाक्याला धरून ठेवतो. सैल हाताच्या माणसाला किंवा निसरड्या सुती-रेशमी धाग्याला हा गुण उपकारक आहे, पण घट्ट टाके अशा सुईवर आणखी अडतात आणि ढकलण्याचे कष्ट वाढतात. ‘हात दुखतो तर बांबू घ्या’ हा सल्ला सरसकट दिला जातो, त्यावर माझा राग आहे तो याचसाठी. तुम्ही गुळगुळीत धातूचीच गोल सुई घ्यावी. घेण्यापूर्वी धातूचे टोक आणि केबल यांच्या जोडावरून नख फिरवून पाहा. नख अडले तर टाकाही अडेल, आणि मग तो ढकलण्याचे काम पुन्हा त्याच अंगठ्याकडे येईल.

शाल मध्येच नव्या सुईवर घेताना धोका ताणाचा, म्हणजे ठरावीक रुंदीत किती टाके बसतात त्याचा, असतो. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील तर २०० टाक्यांची रुंदी सुमारे ९१ सेंटिमीटर होते; नव्या सुईवर २३ बसू लागले तर तीच ८७ होते. चार सेंटिमीटरचे हे आकुंचन शालीच्या मधोमध उठून दिसेल. ॲल्युमिनियमवरून दुसऱ्या गुळगुळीत धातूवर जाताना इतका फरक सहसा पडत नाही, तरी आठ-दहा ओळी विणून मोजपट्टी लावावी आणि मगच पुढे जावे. नव्या टाक्याचे माप मुख्यतः उजव्या हातातील सुई ठरवते, डावी सुई फक्त टाके धरून ठेवते. म्हणून पुढेमागे बदलत्या टोकांचा संच घेतलाच, तर डाव्या बाजूला अर्धा मिलिमीटर बारीक टोक लावून पाहा. वीण फारशी न बदलता टाके सैलसर सरकतात. सपाट विणीत मात्र काम फिरवले की टोकांची बाजूही बदलते, त्यामुळे ही युक्ती बंद गोलातल्या टोपीलाच उपयोगी आहे, शालीला नाही.

केबलचे वेटोळे नव्या सुईत बहुधा असतेच, कारण ती गुंडाळून पाकिटात भरलेली असते. सुईची टोके कोरडी राहतील अशा बेताने नुसती केबल मिनिटभर कडकडीत गरम पाण्यात धरावी, मग ताणून सरळ करावी आणि तशीच थंड होऊ द्यावी. तेवढ्याने ती नरमली नाही तर ती केबलच जाड आणि ताठर आहे असे समजावे. अशी सुई प्रवासाला नेऊ नये, तिचा त्रास सरळ सुयांपेक्षाही जास्त होतो.

अर्धी_शाल

धातूची, ४ मिलिमीटरची, ८० सेंटिमीटरची एकच गोल सुई मागवली आहे, आणि मागवताना मिलिमीटर दोनदा वाचले. ती येईपर्यंत शाल घरीच राहील. टोपीच्या वेळी ४० ची सुई घेईन. पायमोज्यांसाठी दुहेरी टोकांच्या सुया घ्याव्यात की लांब केबलचा फास बाहेर काढून एकाच गोल सुईवर विणावे, हे तेव्हा पुन्हा विचारीन.

ओळ_संपली

गाडीत विणणार असाल तर फासच. त्यासाठी ८० ची केबल पुरते, पण १०० ची असली तर हात मोकळा राहतो. फक्त ती मऊ हवी, नाहीतर फास काढलेल्या दोन्ही जागी टाक्यांची शिडी पडते, म्हणजे टाके सैल होऊन उभी फट दिसते.