मदत हवी: बाजूच्या प्लॉटवर रोज रात्री मलबा टाकून राहिले, कोणाकडे जाऊ?

वैदर्भीय_सून: तीन आठवडे झाले, आमच्या बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर रात्री टिप्पर येऊन मलबा टाकून राहिले. फुटक्या टाइल्स, प्लास्टरचे ढेले, सिमेंटची रिकामी पोती. नाली पूर्ण बुजली. अ‍ॅपवर फोटोसहित तक्रार केली, दोन दिवसांत 'निकाली' म्हणून बंद झाली. मलबा जिथल्या तिथे. पाऊस तोंडावर आहे आणि सासऱ्यांची खोली त्याच बाजूला. लवकर सांगा.

मोरभवन: एरिया कोणता? प्लॉट खासगी की नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा)? टिप्परचा नंबर घेतला का?

तर्री_पोहा: मनपाच्या उपद्रव शोध पथकाला कळवा. माजी सैनिक असतात त्यात, जागेवरच दंड करतात. आमच्या गल्लीत रस्त्यावर रेती-गिट्टी टाकणाऱ्याची त्यांनीच पावती फाडली होती.

वैदर्भीय_सून: बेसा रोड. रात्री दीड-दोनला येतात, लाइट बंद करून, नंबर कसा दिसणार? प्लॉट कोणाचा ते माहीत नाही.

खामला_काका: ताई, बेसा रोड म्हणजे मनीषनगरकडचा की पुढे बेसा गावाकडचा? तिकडे बेसा-पिपळा नगरपंचायत आहे, मनपाचं पथक तिथे येणार नाही. घरटॅक्सची पावती काढून पाहा, कोणाच्या नावाची आहे. हद्द चुकली की तक्रार पुढे सरकतच नाही.

मुळा_मुठा: आम्ही पुण्यात याला राडारोडा म्हणतो. २०१६ च्या बांधकाम-पाडकाम कचरा नियमांत दिवसाला २० टनांच्या वर किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन कचरा काढणाऱ्याला कचरा व्यवस्थापनाचा आराखडा मंजूर करून घेण्याची अट आली. बिल्डर शोधा आणि तो आराखडा मागा.

मोरभवन: टाइल्स आणि प्लास्टर म्हणजे घराच्या दुरुस्तीची तोडफोड दिसते. कोण्या लहान ठेकेदाराचं काम असेल, त्याच्याकडे कसला आराखडा? मात्र नाली अडेल असा मलबा कोणीच टाकायचा नाही, हे त्याच नियमांत होतं.

हिरवी_गच्ची: ओला कचरा घरीच जिरवला तर अर्धा प्रश्न सुटतो. माठाचं कंपोस्ट करून पाहा, वास येत नाही.

तर्री_पोहा: ताईंचा प्रश्न मलब्याचा आहे. प्लॉटच्या तोंडाशी जेसीबीनं आडवा खड्डा मारा, टिप्पर आत जाणारच नाही. आमच्या लेआउटमध्ये एका दिवसात बंद झालं.

खामला_काका: दुसऱ्याच्या प्लॉटवर खोदलं तर तक्रार ताईंवरच होईल. आधी मालक शोधा.

तर्री_पोहा: अर्ध्या प्लॉटांचे मालक नागपुरात राहतच नाहीत काका! पाऊस थांबेल का त्यांच्यासाठी?

खामला_काका: सोसायटीकडे लेआउटचा नकाशा आणि प्लॉटधारकांची यादी असते. एक फोन करायचा आहे फक्त.

डागा_लेआउट: नालीचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी आमच्या घरात कमरेपर्यंत आलं. आईला खुर्चीत बसवून आम्ही दोघा भावांनी जिना चढवला. खालच्या खोलीत म्हातारं माणूस असलं की काय होतं, ते पाहिलंय.

मोरभवन: नगरपंचायत असेल तर तिथल्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का घ्या. फोटोंवर तारीख, वेळ, जागा दिसू द्या. तरी हललं नाही तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी अर्ज करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, पूर्वी १३३ होतं. आणि रात्री टिप्पर अडवायला कोणी एकटं जाऊ नका, ११२ लावा.

मुळा_मुठा: सौरऊर्जेचा कॅमेरा लावा, नंबर टिपता येईल.

मोरभवन: लाइट बंद ठेवून येणाऱ्याची पाटी साध्या कॅमेऱ्यात उमटत नाही. नाक्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात पाहा, तिथे उजेड असतो.

वैदर्भीय_सून: पावती नगरपंचायतीचीच निघाली. चार वर्षं मी टॅक्स भरते, पण हे डोक्यातच आलं नाही. आज अर्ज देऊन शिक्का घेतला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मालकाचा नंबर दिला, ते भिलाईला असतात. खड्डा मारायला लेखी होकार पाठवतो म्हणाले. डागा लेआउटवाले दादा, सासऱ्यांचा पलंग कालच वरच्या खोलीत हलवला. आता नाली मोकळी करायची आहे. बेसाकडे जेसीबीवाले तासाचे किती घेतात? परवा सकाळी हवा आहे.