तातडीची नळी : औषध कोणते निवडले आणि का?

पोट भरलेल्या किंवा झपाट्याने खालावणाऱ्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना आपण झोपेचे औषध आणि स्नायू शिथिल करणारे औषध लागोपाठ देतो, आणि मधल्या मिनिटभरात मुखवट्यावरचा फुगा दाबून श्वास देणे शक्यतो टाळतो. मात्रांचे तक्ते सर्वांकडे आहेत. येथे हवे आहे ते निवडीमागचे कारण, आणि ती निवड पुढे बदलावीशी वाटली असल्यास तेही. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील कृपया देऊ नये. सुरुवात मीच करतो.

शिकाऊ असताना आतडे फुटून जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या एका रुग्णाला मी सवयीने प्रोपोफॉल हे झोपेचे औषध दिले, किलोमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे धडधाकट माणसाची मात्रा. नळी पहिल्याच प्रयत्नात गेली आणि मी समाधानाने मान वर केली, तर रक्तदाबाचा पट्टा पुन्हा पुन्हा फुगत होता आणि पडद्यावर आकडा काही उमटत नव्हता. मनगटावरची नाडी बोटाला लागेनाशी झाली होती. रक्तदाब उचलणाऱ्या ॲड्रिनलिनवर तो सावरला. चूक औषधाची कमी आणि मात्रेची जास्त, असे मला आजही वाटते.

— भूलतज्ज्ञ

वरील अनुभवाला जोडून लिहिते. अशा रुग्णाला केटामीन हे झोपेचे औषध दिले की रक्तदाब टिकतो, हे अर्धेच खरे आहे. केटामीन शरीरातील साठ्याचे ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन वापरून नाडी व दाब उचलते. जो रुग्ण कित्येक दिवस झुंजतो आहे त्याचा साठा संपत आलेला असतो, आणि मग हृदयाचे आकुंचन मंदावण्याचा या औषधाचा मूळ गुण उघडा पडतो. दोनदा फसल्यावर मी अशा वेळी नॉरॲड्रिनलिन आधी सुरू करते, केटामीन किलोमागे ०.५ मिलिग्रॅमवर आणते आणि स्नायू शिथिल करणारे रोक्युरोनियम मात्र किलोमागे १.२ मिलिग्रॅमच्या खाली नेत नाही, कारण मंद रक्ताभिसरणात ते स्नायूंपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो.

— अतिदक्षता विभाग

स्कोलीन (सक्सिनिलकोलीन) हे स्नायू शिथिल करणारे औषध ४५ ते ६० सेकंदांत काम करते आणि दहाएक मिनिटांत उतरते, म्हणून ते माझे आवडते औषध होते. भाजल्यानंतर दहाव्या दिवशी आलेल्या रुग्णाला तेच दिले. स्नायूंची फडफड थांबते न थांबते तोच ईसीजीवरील टी लहर तंबूसारखी उंचावली आणि पुढचे ठोके रुंदावत गेले. कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी होते म्हणून निभावले. भाजल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत हा धोका नसतो. पुढे स्कोलीनला प्रतिसाद देणारे ग्राहक (रिसेप्टर) स्नायूच्या साऱ्या पृष्ठभागावर पसरतात आणि पोटॅशियम एकदम रक्तात लोटले जाते. मणक्याची इजा किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेला रुग्ण असला, तरी हेच घडू शकते.

— भूलतज्ज्ञ, भाजलेल्यांचा कक्ष

माझ्याकडे स्कोलीन दहा मिनिटांत उतरलेच नाही, चार तास लागले. रुग्णात ते औषध मोडणारे विकर जन्मतःच कमी होते. तोवर झोपेचे औषध आणि व्हेंटिलेटर चालू ठेवला, एवढेच.

— भूलतज्ज्ञ

मी परिचारिका आहे. इटोमिडेट हे झोपेचे औषध आणि रोक्युरोनियम देऊन नळी घातली, सगळे सुरळीत झाले आणि सर्वजण एक्स-रेच्या तयारीला लागले. वीसएक मिनिटांनी रुग्णाची नाडी १३० वर गेली आणि मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळले. इटोमिडेट पाच-दहा मिनिटांत सरते, रोक्युरोनियम तासभर धरून ठेवते. म्हणजे माणूस जागा असूनही बोट हलवू शकत नाही. आता मी झोपेच्या औषधाची सिरिंज नळी घालण्याआधीच पंपावर चढवते आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहत नाही.

— आपत्कालीन विभाग

सुगामाडेक्स हे उतारा देणारे औषध असल्यास रोक्युरोनियम केव्हाही उलटवता येते, असा माझा समज होता. सरावात ७० किलोचा रुग्ण धरला. तात्काळ उलटवण्याची मात्रा किलोमागे १६ मिलिग्रॅम, म्हणजे ११२० मिलिग्रॅम. कुपी २०० मिलिग्रॅमची. सहा कुप्यांची झाकणे उचकटून, औषध ओढून सिरिंज हातात येईपर्यंत काल्पनिक रुग्णाचे सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) कधीच कोसळले होते. तेव्हापासून माझ्या ट्रेवर मानेतून वाट काढण्याचा स्काल्पेल आणि बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक कांडी) आधी मांडलेले असतात, आणि रोक्युरोनियम त्यानंतरच भरले जाते.

— भूलतज्ज्ञ